वाणातला पंप, दुकानातला पाईप

"मामा, बजेटमध्ये बसवा की."

गाडीतून एक पाय खाली टेकवता टेकवता माणूस हे बोलला की माझं डोकं फिरतं. अजून बॉनेट उघडलेलं नसतं, गाडीला काय झालंय ते त्यालाही माहीत नसतं आणि मलाही, पण बजेट ठरलेलं असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभा जन्म गेला माझा. गाड्यांनी मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो गाड्या घेऊन येणाऱ्यांनी. दिवाळी अंकवाल्यांनी निरोप धाडला, "गॅरेजमधले अनुभव लिहा, जरा हलकंफुलकं असू द्या." हलकंफुलकं लिहायला मी काय सायकलचं दुकान काढलं होतं? जे आहे ते लिहितो. शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत.

गेली काही वर्षं माझ्याकडे टर्बोवाल्या गाड्याच जास्त येतात. ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात हवा आणि पेट्रोल ठरलेल्या मापात जळतं. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जादा हवा कोंबतो. कंपनीनं हे सगळं जमवून दिलेलं असतं. मग पोरं एखाद्या लॅपटॉपवाल्याकडे जातात. तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, अजून हवा कोंब. हवा वाढते. पेट्रोल कोण वाढवणार? टाकीतला पंप तोच, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तेच. आपल्याकडे जेवायला पावणं वाढलं की रश्श्यात तांब्याभर पाणी ओततात, चव जाते पण भागतं. इंजिनात रस्सा पातळ झाला की भागत नाही. आतली आग नको तेवढी तापते आणि एक दिवस पिस्टनला भोक पडतं. मग माझ्या दारात येऊन विचारायचं, "मामा, बजेटमध्ये हुईल न्हवं?"

नेसरीकडचा एक गृहस्थ आला होता. गाडी चढाला दम टाकते म्हणून त्यानं स्वतःच पेट्रोलचा फिल्टर काढून नुसती नळी जोडली होती. म्हणाला, "जाळी काडली वो, आता मोकळं येतंय." मोकळं येत होतं, टाकीतल्या गाळासकट. दुसऱ्या एकानं चार वेगवेगळ्या गाड्यांचे चार इंजेक्टर पिशवीतून आणले. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, "चारीबी चांगलं हायत की, तपासून घेतल्यात." अरे बाबा, चार बैल चांगले असले म्हणून चार दिशांना तोंडं करून नांगराला जुंपतोस का? त्यानं त्यावर विचार केला आणि विचारलं, "मग दोन दोन बसवू या?" मी आत जाऊन पाणी प्यालो.

कमी पैशात हे काम होतच नाही असं नाही. होतं. पण आधी मोजायचं, मग बदलायचं. पेट्रोलच्या लाईनला दाबाचा काटा लावायचा, माणूस शेजारी बसवून गाडी चढावर पळवायची आणि बघायचं दाब पडतो कुठं. निम्म्या वेळा पंप चांगला असतो, त्याला वीजच कमी पोचत असते. बारीक जुनी वायर काढून जाड वायर घातली, थेट बॅटरीवरून वीज देणारा रिले बसवला, फिल्टर बदलला की गाडी शहाण्यासारखी वागायला लागते. इंजेक्टर मोठे लागलेच तर मोठ्या गाडीचे जुने घ्यावेत, एकाच संचातले, धुऊन आणि मापून. त्यात लाज नाही. मात्र पेट्रोल ज्यातून वाहतं त्या पाईपात एक रुपया वाचवायचा नाही. तो पेट्रोलसाठीच बनवलेला पाहिजे आणि त्याच्या क्लिपासुद्धा त्याच कामाच्या पाहिजेत. हे मी बोंबलून बोंबलून सांगतो, आणि गिऱ्हाईक मान हलवून विचारतं, "ते खरं, पण कायतरी जमवा की."

बाकीच्या गिऱ्हाइकांवर निदान ओरडता येतं. ज्याच्यावर ओरडता येत नाही असं एकच गिऱ्हाईक माझ्या नशिबी आलं, आणि ते म्हणजे माझा जावई.

रणजित गडहिंग्लजचा. शेती-अवजारांचं आणि फवारणीच्या पंपांचं दुकान आहे, माणूस कष्टाळू, निर्व्यसनी. लग्नाआधी मी सगळीकडे चौकशी केली होती. त्याला गाड्यांचा नाद आहे एवढंच कुणी सांगितलं नाही. लग्नानंतर त्यानं जुनी टर्बो गाडी घेतली आणि लगेच बेळगावला जाऊन कॉम्प्युटरात हवा वाढवून आला. गाडी चढाला आचके द्यायला लागली. आता ही गाडी तो चालवायचा रविवारी. रोज चालवायची माझी मुलगी, सायली. ती गारगोटीत एका पतसंस्थेत नोकरीला आहे, गडहिंग्लजहून जाऊन येऊन करते. म्हणजे नाद ह्याचा आणि जीव माझ्या पोरीचा.

"पावणं, ती हवा परत होती तेवढी करून घ्या," मी म्हटलं. जावयाला आमच्यात अहो-जाहो करायचं, आवाज चढवायचा नाही, ही रीत.

"मामा, तुमच्यासारखा मेस्त्री घरात असताना कमी करायचं व्हय? तुमी पेट्रोल वाढवून द्या की."

असल्या बोलण्यावर दुसरा कुणी असता तर त्याला मी पार्वती टॉकीजच्या चौकापर्यंत ऐकू जाईल असं झापलं असतं. इथं मी हसलो. तेव्हापासून माझं ब्लडप्रेशर वाढलंय असं माझं ठाम मत आहे, डॉक्टर काही म्हणू देत.

दोन रविवार त्याची गाडी माझ्याकडे होती. काटा लावला, जाड वायर टाकली, फिल्टर बदलला, मोठ्या गाडीचा इंजेक्टरांचा एक जुना संच धुऊन मापून बसवला. बेळगावच्या लॅपटॉपवाल्याला बोलावून वाढवलेली हवा अर्धी उतरवायला लावली आणि नव्या इंजेक्टरांचं माप कॉम्प्युटरात भरून घेतलं. आचके बरेच थांबले. राहता राहिला टाकीतला पंप. पूर्ण चढाला तो कमी पडत होता. गाडी हळू चालवली तर धोका नव्हता, आणि सायली हळूच चालवते. मी म्हटलं, पंप मागवतो, सावकाश बसवू.

एवढ्यात धोंड्याचा महिना आला. लग्नानंतरचा पहिला धोंडा. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, अनारसे द्यायचे, वर काहीतरी वाण द्यायचं. आमच्या मालकिणीनं, म्हणजे सुशीलानं, अंगठीचं ठरवलं होतं. विचारावं म्हणून तिनं फोन केला तर ह्या गृहस्थानं सांगितलं, "मामी, अंगठी कशाला? मामांनी पंप मागवलाय न्हवं, तेवढाच द्या की वाण म्हणून. खर्चबी वाचंल."

सासऱ्याच्या खर्चाची काळजी करणारा जावई म्हणून सुशीलाला भरून आलं. मला कळेना हसावं की रडावं.

त्या दिवशी आमच्या घरी जे झालं ते उद्यमनगरात कुणी बघितलं असतं तर मला तोंड लपवावं लागलं असतं. पाटावर जावई, डोक्याला टोपी, समोर रांगोळी. तबकात अनारसे, दिवा, सायलीची साडी, जावयाचा पोशाख आणि मधोमध पेट्रोलच्या पंपाचा खोका. सुशीलानं खोक्याला हळदकुंकू लावलं. रणजितनं दोन्ही हातांनी तो घेऊन कपाळाला टेकवला. सायली पदरात तोंड घालून हसत होती.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "पंप हितंच ठेवा. जुन्या पंपाचा नि ह्याचा जोड येगळा हाय. मधी पाईप लागतो, तो पुण्याहून यायचाय. आला की गाडी आणा, मी बसवतो."

"पाईप कोल्हापुरात मिळत न्हाई व्हय?"

"साधा मिळतो. साधा चालत न्हाई पावणं. प्रेशरचा पाईप लागतो."

"असं व्हय," म्हणाला आणि मान हलवली.

मी खोका कपाटाकडे न्यायला लागलो तर सुशीला आडवी आली. "अवो, दिलेलं वाण घरात ठेवून घेत्यात व्हय? काय म्हणतील त्यांच्या घरची माणसं? न्हेऊ दे की. पाईप आला की गाडीबरोबर परत आणतील." मी बरंच समजावलं. पंपाला काय कळतंय तो वाण आहे का माल आहे ते. पण धोंड्याच्या महिन्यात बायकोसमोर शास्त्र काढून कुणी जिंकलंय असं मी तरी ऐकलं नाही. पंप अनारशांच्या डब्याबरोबर गडहिंग्लजला गेला.

आठवडा गेला. मी गॅरेजमध्ये खुर्चीवर बसून एकाला फिल्टर म्हणजे काय ते समजावत होतो, तेवढ्यात रणजितचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"मामा, पुण्याचा पाईप नको आता. सांगून टाका त्यांस्नी."

"का वो?"

"पंप बसवला की मी. चार दिवस झालं. काय पळतीया गाडी! तुमी म्हटला तसा प्रेशरचाच पाईप लावलाय, माझ्या दुकानातला."

मला एक क्षण काही उमजलं नाही. मग उमजलं. शेतीची औषधं फवारायला लांबलचक पिवळा पाईप असतो, मोटरीच्या जोरावर चालतो, ऊसवाल्यांकडे, द्राक्षवाल्यांकडे सगळीकडे बघितला असेल. गिऱ्हाईक दुकानात येऊन त्याला काय म्हणतं? प्रेशरचा पाईप. रणजित दिवसभर तेच नाव ऐकतो, तेच विकतो. मी ज्याला प्रेशरचा पाईप म्हणतो आणि तो ज्याला म्हणतो, त्यांच्यात पेट्रोल आणि पाण्याएवढं अंतर.

"पावणं," मी शक्य तितक्या हळू म्हटलं, "त्यो पाण्याचा पाईप हाय."

"अवो पण पेट्रोलच्या लाईनीपेक्षा दसपट प्रेशर सोसतोय. लिव्हलंय की त्याच्यावर."

"प्रेशर सोसंल. पेट्रोल न्हाई सोसायचा. आणि आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतंय, ते तर त्याला खातंय."

त्यावर हा हसला. "आपल्याच उसाचं इथेनॉल ते मामा. आपल्यालाच खाईल व्हय?"

"गाडी कुठं हाय?"

"सायली घेऊन गेली की कामावर."

त्याच्याशी पुढं बोलायला मी थांबलो नाही. सायलीला फोन लावला. उचलेना. तो पाईप त्यानं कुठं लावला असणार ते मला डोळ्यांपुढं दिसत होतं. पंप काढायचं टाकीचं झाकण मागच्या सीटच्या खाली. तिथून पुढच्या लाईनीपर्यंतचा तुकडा गाडीच्या आत. तो पाईप पेट्रोलनं आधी फुगतो, लिबलिबीत होतो आणि क्लिपच्या तोंडाशी चिरतो. पंप नवा, जोरदार, दाब पूर्ण. चीर पडली की फवारा उडणार, बंद गाडीत, आणि शेजारी वायरी. मीच टाकलेल्या जाड वायरी. परत फोन लावला. परत उचलेना. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "मामा, फिल्टर राहू दे का मग?" मी त्याला काय बोललो ते इथं छापता येणार नाही.

कितव्या वेळेला कुणास ठाऊक, तिनं उचलला.

"पप्पा, गाडी चालवतीये, काय झालं?"

"कडेला घे."

"अहो, उशीर होतोय मला."

"सायले, कडेला घे, चावी काढ, आणि उतरून लांब जाऊन हुभी रहा. पर्स राहू दे. डबा राहू दे. उतर."

माझा तसला आवाज तिनं लहानपणी एकदाच ऐकला होता, विहिरीच्या काठावर गेली होती तेव्हा. दार उघडल्याचा आवाज आला, चालल्याचा आला, आणि मग ती म्हणाली, "उतरले." ती कुठं उभी आहे ते मी विचारून घेतलं. गॅरेजमधली सगळी माणसं माझ्याकडे बघत उभी होती.

मी हत्यारांची पेटी घेऊन गाडी काढली. गारगोटीच्या पुढं, रस्त्याच्या कडेला, उसाला लागून गाडी उभी होती. चारी दारं उघडी. सायली लांब एका बाभळीखाली उभी. तिनं फोन केल्यावर रणजित माझ्याआधी मोटारसायकलवर येऊन पोचला होता, आणि गाडीजवळ उभा राहून म्हणत होता, "काय झालेलं न्हाई मामा, उगंच टेन्शन घेतलासा तुमी."

मी त्याला बाजूला सारलं आणि मागची सीट उचलली. पेट्रोलचा भपकारा तोंडावर आला. खालचं फेल्ट, म्हणजे सीटखालचं जाड कापड, ओलं होतं. पिवळा पाईप दुधात भिजलेल्या शेवयांसारखा मऊ झाला होता, क्लिपच्या कडेला बारीक चीर होती आणि तिथं थेंब धरून बसला होता. मी बॅटरीची वायर सोडली, मग पाईप सोडवला, आणि तो त्याच्या हातात दिला.

"दाब," मी म्हटलं.

त्यानं बोटांनी दाबला. बोटं आत गेली. त्याचं तोंड उतरलं.

आणि मग मी सुटलो. पावणं गेलं, अहो-जाहो गेलं. "अरे तुला अक्कल हाय का न्हाई? ज्या पाईपातनं औषध मारायचं, त्यातनं पेट्रोल सोडतोस? विचारायला तोंड नव्हतं तुला? माझ्या पोरीला ह्याच्यावर बसवून चार दिवस धाडलास?" वाटेनं जाणारी माणसं थांबली. दुधाचे कॅन लावलेला एक जण मोटारसायकल बंद करून ऐकत राहिला. मला कशाचं भान नव्हतं. लग्नापासून गिळलेलं सगळं त्या रस्त्यावर बाहेर पडलं. रणजित मान खाली घालून उभा, हातात तो पाईप. एक शब्द उलटून बोलला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. शेवटी तो एवढंच म्हणाला, "तुमी प्रेशरचा पाईप म्हटला होता मामा."

म्हटला होता. ते खोटं नव्हतं, म्हणून तर मला अजून चीड आली.

तेवढ्यात सायली जवळ आली. मी तिच्याकडे वळलो. "आणि तू? तुला वास आला न्हाई? एवढा भपकारा मारतोय, नाक कुठं गहाण टाकलंतंस?"

"येत होता की वास," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून येत होता."

"मग?"

"मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, पप्पांनी सांगितलंय तसंच केलंय. मग मी काच खाली करून चालवत होते."

मी गाडीच्या उंबऱ्यावर बसलो, दाराच्या खाली जी पट्टी असते तिथं. दूधवाला थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. रणजितनं न सांगता पाण्याची बाटली आणून दिली, मी ती घेतली. मग आम्ही तिघांनी मिळून गाडी दोराला बांधली आणि माझ्या गाडीमागं ओढत कोल्हापूरला आणली. घरी सुशीलानं सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पावण्यांना अरे-तुरे केलासा? धोंड्याच्या महिन्यात?" मी हात जोडले.

पुण्याचा पाईप आला. टाकीच्या आत वेगळा लागतो, बाहेर वेगळा लागतो, दोन्ही आले. जोड बसवले, ओलं फेल्ट काढून फेकलं, नवं घातलं. पूर्ण दाबावर पंप चालू ठेवून प्रत्येक क्लिपवर कोरडा कागद फिरवला. रणजित सगळा वेळ शेजारी उभा होता, बॅटरीचा उजेड धरून. एकदाच म्हणाला, "ह्याला काय म्हणायचं मग मामा? नाव काय ह्याचं?" मी म्हटलं, "पेट्रोलचा पाईप." त्यानं ते दोनदा पुटपुटून घेतलं. आता अरे-तुरेच चालू आहे आमचं. त्याला बरं वाटतं असं सायली सांगते, मला तर फारच बरं वाटतं.

गाडी न्यायला सायली आली. दार उघडलं, पर्स शेजारच्या सीटवर टाकली, काच वर केली आणि चावी लावायला वाकली.

मी काचेवर टकटक केलं. "थांब. उतर. आधी मागं वाकून वास घे."

"कशाला पप्पा? तुम्ही स्वतः केलंय ना आता?"

"मी केलंय म्हणूनच सांगतोय. वास घे."

ती कंटाळून उतरली, मागचं दार उघडलं, सीटवर हात टेकून वाकली. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. तिनं एकदा वास घेतला, "नाही येत," म्हणाली, मग माझ्याकडे बघितलं, आणि परत वाकून नीट घेतला.